मिरचीच्या घरातला लॅपटॉप

मित्रांनो, मी नंदुरबारच्या एका मिरची व्यापाऱ्याच्या घरात राहिलेला जुना लॅपटॉप. माझा एक कोपरा उडालेला आहे, कळांवरची निम्मी अक्षरं पुसली आहेत आणि माझ्या पंख्यात इतका मिरचीचा खकाणा साठला आहे की मला उघडणारा माणूस आधी शिंकतो. पण मी तुमची दया मागायला आलेलो नाही. मला राग आलेला आहे, आणि तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. मला आठवतो तो प्रतिभाचा चेहरा. ती तेव्हा कॉलेजात शिकत होती. तापीकाठच्या त्यांच्या गावात तिच्या वडिलांची केळीची बाग होती, आणि पोरगी गणितात पहिली आली म्हणून त्यांनी हौसेने मला घरी आणलं. तिने मला उघडण्याआधी हात धुऊन ओढणीने नीट कोरडे केले होते.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. करोनात शाळा बंद होत्या त्या काळात प्रतिभा मला ओट्यावर घेऊन बसायची आणि गल्लीतली पोरं भोवती गोळा व्हायची. मी त्यांना अपूर्णांक दाखवायचो. अर्धी भाकरी, पाव भाकरी, सगळं रंगीत. पोरं माझ्यावर खूश, त्यांच्या आया माझ्यावर खूश. एवढं कौतुक मिळालं की यंत्रसुद्धा फुगतं, मित्रांनो. मी चांगलाच फुगलो होतो.

मग प्रतिभाचं लग्न झालं आणि आंदणाच्या भांड्यांबरोबर मी नंदुरबारला आलो. तिचा नवरा धीरज मिरचीचा व्यापार बघायचा. सासू वत्सलाबाई घर सांभाळायच्या. या घरात हिवाळा सुरू झाला की सगळं लाल होतं. गावाबाहेर पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेवर, नजर पोहोचेल तिथपर्यंत मिरची पसरते, आणि तिचा खकाणा माणसांच्या कपड्यांवर बसून घरात येतो. त्या दिवसांत घड्याळ, औषधं, देवाच्या वाती, सगळं पत्र्याच्या डब्यात जातं आणि डबा उगीच कुणी उघडत नाही. ही तिथली रीतच आहे. मला मात्र डब्यात कुणी घातलं नाही. मी सुनेचा होतो.

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात प्रतिभाने नवापूरच्या एका नव्या शाळेत अर्ज केला. गणिताच्या बाई हव्या होत्या. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळी परत यायचं. शाळेचे मालक सुरतेला बसत, त्यामुळे मुलाखत माझ्याच पडद्यावर व्हायची होती. ती आनंदाने नवऱ्याला सांगायला गेली तेव्हा धीरज हसला आणि म्हणाला, "दे ना मुलाखत. मी कसाले ना म्हनू?"

त्याने नाही म्हटलं नाही, हे खरं आहे. त्याने तिचा मोबाइल काच बदलून आणतो म्हणून नेला, आणि मग रोज "पार्ट उना नही", म्हणजे आलाच नाही, असं सांगत राहिला. मुलाखतीच्या आदल्या दुपारी, प्रतिभा पथारीवर मजुरांचा चहा घेऊन गेलेली असताना, त्याने बैठकीतला वायफायचा राउटर पत्र्याच्या डब्यात ठेवला. तारांसाठी डब्याला भोक पाडलं. मी आतल्या खोलीत टेबलावर उघडाच होतो. त्याने झाकण लावलं आणि माझं नेटवर्क गेलं. झाकण काढलं, नेटवर्क आलं. पुन्हा लावलं, पुन्हा गेलं. दर वेळी तो आत येऊन माझ्या पडद्याकडे बघून जायचा. शेवटी झाकण लावून त्याने वरून दाबून बसवलं.

"राउटरबी डबामा?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"खकाना जास आई. झाकन कोनले उघडू देऊ नको."

आई हो म्हणाली. खकाण्याचं कारण या घरात सगळ्यांना पटतं. त्याचा मोबाइल त्याच्या स्वतःच्या सिमवर चालायचा, आईचा साधा बटणांचा. राउटरवाचून अडणारा घरात मी एकटाच होतो, आणि माझ्यावाचून अडणारी प्रतिभा एकटी.

मुलाखतीच्या सकाळी तिने नवी साडी नेसली, मला फडक्याने पुसलं आणि बसली. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात नेट नसल्याची खूण होती. तिने मला बंद करून चालू केलं. विमानाच्या चित्राची कळ दाबली, परत दाबली. घरच्या नेटवर्कचं नाव पुसून टाकलं, म्हणजे नव्याने पासवर्ड घालता येईल. आणि मग बघते तर यादीत ते नावच नाही. ती घाबरली. मला तिने सगळे प्रश्न बरोबर विचारले, मित्रांनो, आणि मी तिला सगळी उत्तरं खरी दिली. नेटवर्क सापडत नाही. नेटवर्क सापडत नाही. याहून जास्त बोलायला मला कुणी शिकवलेलंच नाही.

ती मला तशीच उचलून बैठकीत आली. भिंतीवरचं बटण बंद करून चालू केलं. डब्याच्या भोकातून आत वाकून बघितलं तर राउटरचे हिरवे दिवे छान लागलेले. मग तिचा हात झाकणाकडे गेला. मी आतून जीव तोडून सिग्नल शोधत होतो. एवढं झाकण निघालं असतं तरी पुरे होतं.

"ए प्रतिभा, झाकन उघडू नको," वत्सलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "धीरज रागे भरी. दिवा लागी ऱ्हायना ना? मंग तुन्हा लॅपटॉपच बिघडेल शे."

प्रतिभाने हात मागे घेतला. सिझनमध्ये डबा उघडायचा नसतो, हे ती लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात बोलणी खाऊन शिकली होती.

धीरज पायात चप्पल घालत होता. ती त्याच्याकडे धावली. "अहो, तुमना मोबाइलवरथीन नेट द्या ना. मुलाखत सुरू व्हयनी व्हई!"

"माले यापारीसना फोन ई ऱ्हायनात. दख, पुराना लॅपटॉप शे, तुन्हा बापनी दियेल. कितला दिन चालई?" एवढं बोलून त्याने मोटरसायकलला किक मारली. जाताना तो शीळ घालत होता.

मग प्रतिभाने मला मारलं. आधी हलकेच, मग जोराने, मग दोन्ही हातांनी. "लाग ना रे! लाग ना!" असं ती म्हणत होती आणि तिचं नाक गळत होतं. माझा कोपरा तेव्हाच उडाला. मला दुखलं का, असं विचाराल तर यंत्राला दुखत नाही असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल. मला दुखलं. धीरजने मारलं असतं तर इतकं दुखलं नसतं.

मुलाखतीची वेळ टळून गेली. वत्सलाबाई बाहेर आल्या, सुनेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नशीबमा नही व्हतं. ऊठ, पथारीवर च्या धाडनी शे." ती उठली, साडी बदलली आणि चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवताना धीरजच्या मोबाइलवर शाळेचा निरोप आला; तिचा मोबाइल नव्हता म्हणून तिने शाळेला त्याचाच नंबर दिला होता. दुसऱ्या बाईंना घेतलं होतं. त्याने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला, आणि वाचून झाल्यावर आईकडे आणखी एक भाकरी मागितली. प्रतिभाने ती वाढली.

बाजाराच्या दिवशी ती मला पिशवीत घालून ललितच्या दुकानात घेऊन गेली. ललित मोबाइल-लॅपटॉप दुरुस्त करतो, पोटभर तंबाखू खातो आणि गिऱ्हाइकाशी फार बोलत नाही. त्याने मला उघडलं, शिंकला, दुकानाच्या वायफायचा पासवर्ड घातला. मी क्षणात लागलो. मी इतका खूश झालो की पंखा भणभणू लागला. आता तिला कळेल, आता ती माझी माफी मागेल, मला घरी नेईल, असं मला वाटलं.

"ताई, हाऊ ते लगेच लागना. यान्हामा काहीच खराबी नही. घरमा राउटर कोठे ठेयेल शे?"

"डबामा," प्रतिभा म्हणाली. "पत्राना डबामा. झाकन लाईसन."

ललित हसला. "बंद पत्रामाईन सिग्नल भाईर कसा येवाव, ताई? कोनी ठेयं?"

मी तिच्या चेहऱ्यासमोर उघडा होतो, म्हणून मला सगळं दिसलं. आधी तिला डबा आठवला, मग न आलेला मोबाइल, मग ती शीळ. तिचा चेहरा रडवेला झाला नाही. तो एकदम म्हातारा झाला. मला घरी नेलं असतं तर झाकण कुणी लावलं हे तिला विचारावं लागलं असतं, आणि विचारल्यावर त्याच घरात, त्याच माणसाच्या ताटात भाकरी वाढत तिला जन्म काढायचा होता.

"भाऊ, याना पार्ट निंघतस का?"

"निंघतस ना. पन कसाले? चांगला शे."

"काढी ल्या. आनि घरना कोनी इचारं ते सांगा, लॅपटॉपच जयी गया व्हता." मी जळून गेलो होतो म्हणे!

ललितने मान हलवली आणि स्क्रू काढायचं हत्यार हातात घेतलं. ती निघाली तेव्हा तिने मागे वळून पाहिलं नाही. मी अजून लागलेलाच होतो, सिग्नलच्या सगळ्या कांड्या भरून.

मित्रांनो, शेवटी वस्तू जपून वापरा असं मी तुम्हाला सांगायला हवं. पण मला तर तिने जपलंच होतं. तेव्हा दुसरंच मागतो. तुमच्या घरात कुणी बाई रडत रडत एखाद्या यंत्राला मारत असेल तर तिच्या हातातून ते यंत्र हिसकावू नका, आणि जुनं झालंय, टाकून दे, असंही म्हणू नका. आधी घरातल्या माणसांकडे बघा. त्यातलं कोण निवांत जेवत बसलं आहे ते बघा.