रेघेवरची पेशंट

सरावाच्या दिवशी आई सकाळपासून साडी निवडत होती.

"अगं, जमिनीवर पडायचंय तुला," मी म्हटलं. "जुनी नेस एखादी."

"पेपरात फोटो येतो, मेघा. मरायचं तर नीट साडी नेसून मरावं."

मी जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात नोकरीला आहे. आग, पूर, वायुगळती यांचे सराव आम्ही घेतो, तेव्हा जखमी व्हायला माणसं लागतात. पहिल्या सरावाला कोणी तयार होईना, म्हणून मी आईला विनवून नेलं, आणि तेव्हापासून कोकिळाअक्का म्हणजे जिल्ह्याची कायमची पेशंट झाली. वायूने बेशुद्ध पडावं तर तिनेच. दोष एकच होता. बेशुद्ध असतानाही ती बोलायची.

त्या दिवशीचा प्रसंग होता शहराबाहेरच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची गळती. जळगाव शहराचे बंब आणि धुळ्याहून आलेलं राज्याचं पथक पहिल्यांदाच एकत्र काम करणार होते. वायूत शिरायचे पिवळे सूट धुळेकरांकडे, आणि पाणी, ॲम्ब्युलन्स, रस्त्यांची माहिती आमच्याकडे. मधे खेळाच्या मैदानावर आखतात तशी फक्कीची पांढरी रेघ. रेघेच्या आत राज्य, बाहेर शहर. कागदावर सगळं फार सुबक दिसत होतं.

शिट्टी वाजली. आई झोकात कोसळली. राज्य पथकाचे प्रमुख हसीब सर आणि त्यांची माणसं आत शिरली, तिला बाहेर काढलं, अंगावरचा वायू धुऊन निघावा म्हणून तिच्यावर पाणी मारलं (पाणी कोमट पाहिजे, ही तिची अट), आणि स्ट्रेचर आणून बरोबर रेघेवर ठेवलं.

"आमची हद्द संपली. घ्या," हसीब सर म्हणाले.

पलीकडे शहराच्या बंबांचे प्रमुख कौतिकभाऊ हात मागे बांधून उभे होते. "आधी सांगा, पेशंट पूर्ण धुतला म्हणून. माझ्या पोरांकडे सूट नाहीत."

"दिसतंय की धुतलेलं."

"दिसणं वेगळं, सांगणं वेगळं, साहेब."

"तुमचा वायरलेस आमच्याला लागत नाही. कसं सांगू?"

"दोन हातांवर तर उभे आहात. तोंडाने सांगा!"

दोघांचंही खरं होतं. आराखड्यात रेघ होती, पण रेघेवर काय करायचं ते नव्हतं. आईचं डोकं राज्याच्या हद्दीत आणि पाय शहराच्या. शेवटी तिने एक डोळा उघडला.

"बठ्ठा आठेच उभा शेतस. मग माले उचलस कोण?" सगळेच इथे उभे, तर मला उचलणार कोण, हे तिने अहिराणीत विचारलं.

"अक्का, बेशुद्ध माणूस बोलत नाही," कौतिकभाऊ दबक्या आवाजात म्हणाले.

"आता कुठली बेशुद्ध? मेले मी केव्हाच!" ती उठली, निऱ्या सारख्या केल्या, चालत ॲम्ब्युलन्सपर्यंत गेली आणि आत जाऊन आडवी झाली. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या.

स्कूटरवर मागे बसून येताना तिने नेहमीचा प्रश्न विचारला. "मी पडले तेव्हा घाबरली होतीस का गं?"

"घाबरायचं काय त्यात? खोटंच तर असतं." हे माझं नेहमीचं उत्तर.

मेहरूण तलावाच्या वळणावर ती म्हणाली, "खरी गळती झाली, तर त्या रेघेवर खरंच कोणीतरी मरेल, मेघा."

संध्याकाळी दारात कौतिकभाऊ आणि हसीब सर दोघेही उभे. मला न सांगता तिने दोघांना जेवायला बोलावलं होतं. सोफ्याच्या दोन टोकांना दोघं बसले. भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या पोटात गेल्यावर टोकं जरा जवळ सरकली. तेवढ्यात आई गोधडीत गुंडाळलेली उशी घेऊन आली.

"हे बाळ," तिने जाहीर केलं. "आणि ही खुर्ची म्हणजे पाळणा. बारशाला वरून एकजण बाळ देते, खालून दुसरी घेते. आजवर कोणाचं पोर पडलेलं ऐकलंय?"

दोघांनी माना हलवल्या.

"का पडत नाही? घेणारी 'धरलं' म्हणेपर्यंत देणारी सोडतच नाही. मधल्या वेळात हात दोघींचे असतात. चला, उठा."

दोन गणवेशातली माणसं आमच्या खुर्चीभोवती उभी राहिली. हसीब सरांनी वरून उशी दिली, कौतिकभाऊंनी खालून हात घातला, आणि दोघांनी एकदमच सोडली.

"पडलं ना माझं नातवंड!"

"अक्का, यांनी घाई केली," कौतिकभाऊ म्हणाले.

"मी? तुम्ही 'धरलं' म्हणालातच नाही!"

"परत," आई म्हणाली.

बऱ्याच खेपांनंतर बाळ सुखरूप पोचलं. हसीब सरांनी कपाळ पुसत विचारलं, "नाव काय ठेवायचं?"

"अमोनिया," कौतिकभाऊ म्हणाले. आई पदर तोंडाला लावून हसत राहिली. निघताना हसीब सर तिला म्हणाले, "पुढच्या वर्षी रेघेवर थांबवणार नाही तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना आई ओट्यापाशी पडली. मी क्षणभर तशीच उभी राहिले. मला वाटलं, आता एक डोळा उघडेल.

डॉक्टर म्हणाले, पडली तेव्हाच सगळं संपलं होतं, काहीच करता आलं नसतं. धुळ्याहून हसीब सर आले. तिला उचलताना ते आणि कौतिकभाऊ समोरासमोर होते. दोघांपैकी कोणीतरी हळूच "धरलं" म्हणालं. कोण, ते मी विचारलं नाही.

नव्या आराखड्यात मी ती पद्धत लिहिली. वरच्या कार्यालयाने मंजूर करताना विचारलं की ही कल्पना कुठून घेतली. मी कळवलं, स्थानिक अनुभवातून.

या वर्षीचा सराव पारोळ्याजवळ महामार्गाच्या कडेला होता. रसायनाचा टँकर उलटतो आणि दोन्ही जिल्ह्यांतून मदत येते, असा प्रसंग. आठवडाभर आधीपासून कौतिकभाऊ फोनवर विचारत होते, "मॅडम, पेशंट कोण?" मी म्हणत होते, कळवते.

सरावाच्या सकाळी मी वायरलेस माझ्या सहकारी ऋतिकाच्या हातात दिला.

"मॅडम, तुम्ही?" ती माझ्याकडे बघत राहिली. "आणि इतकी चांगली साडी? जमिनीवर पडायचंय."

"पेपरात फोटो येतो," मी म्हटलं.

शिट्टी झाली आणि मी पडले. आईने कधी सांगितलं नव्हतं की मानेखाली नेमका एक खडा टोचतो, डांबराला वास येतो, आणि बेशुद्ध पडल्यावर आभाळ फार मोठं दिसतं. टँकरमागून पिवळे सूट धावत येताना दिसले, तेव्हा सगळं खोटं आहे हे ठाऊक असूनही मला बरं वाटलं. यासाठीच ती दर वेळी एक डोळा उघडत असावी.

त्यांनी मला उचललं, अंगावर पाणी सोडलं. "कोमट आहे," मुखवट्यातून हसीब सरांचा आवाज आला. "अक्कांची अट." मग स्ट्रेचर रेघेकडे निघालं, आणि या वेळी ते खाली टेकलं नाही.

"पेशंट धुतलाय. देतो," हसीब सर मोठ्याने म्हणाले.

पलीकडून हात आले. थोडा वेळ मला दोन्हीकडच्या माणसांनी धरलं होतं.

"धरलं!" कौतिकभाऊ ओरडले.

"सोडलं."

मी रेघ ओलांडली होती. चेहरा पाण्याने ओला होता, ते सोयीचंच झालं.

"आई," मी म्हटलं. मोठ्याने.

"मॅडम, बेशुद्ध माणूस बोलत नाही," कौतिकभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले.

"बोलू द्या, भाऊ," रेघेपलीकडून हसीब सर म्हणाले. "त्यांच्या घरची रीत आहे ती."

ॲम्ब्युलन्सचं दार उघडं होतं. वर तेवढंच मोठं आभाळ.

"घाबरले होते गं, आई," मी म्हटलं. "तू पडलीस की दर वेळी घाबरायचे मी."