लाकडाची तहान

त्या सकाळी हितं काठावर आमी चौघं व्हतो. मी, माझे मालक, थोरली सून सुरेखा, आन् इंदापूरचा भंगारवाला रफिकभाई. मालकांना अक्खा गाव तात्या म्हणायचा, मीबी तात्याच म्हणते. पाचवी तात्यांची लाँच, माणसं पल्याड नेणारी इंजनाची होडी. तिला माणसात धरायची का न्हाय ह्यावर आमचं जलमभर भांडण, तवा ते तुमीच ठरवा.

तात्या घरी यायचे तवा आधी वास यायचा. डिझेलचा, डांबराचा, उजनीच्या शेवाळलेल्या पाण्याचा. थंडीच्या दिसांत ऊन तांबूस हून पाण्यावर सांडायचं, लांबनं कारखान्याचा भोंगा हंबरायचा, आन् त्या उजेडात हे बांधावरनं यायचे. पुढं वास, मागं माणूस. जेवायला बसले की भाकरी मोडताना बोटं वळलेलीच ऱ्हायची, जशी मुठीत सुकाणूची दांडी आजून हायच. बोलणं न्हाय. कालवण आळणी झालं तरी न्हाय, खारट झालं तरी न्हाय. म्हशीसंगं गवळी एका पावसाळ्यात जेवढं बोलतो, तेवढं हा माणूस माझ्यासंगं चाळीस वर्सांत बोलला आसंल. मी पाठमोरीच बघितली त्यांची. सकाळी उठून दार उघडावं तर ती पाठ काठाकडं चाललेली, धुक्यात बारीक बारीक हुणारी.

लाँच कोकणातली. तिथल्या खाडीतनं निकामी म्हणून काढलेली, ट्रकवर घालून हितं आणलेली. सागवानी, लांबलचक, वर छप्पर, आत बाकं, आन् पुढं नाक आसं वर केलेलं, जशी बड्या घरची सून गरिबाच्या दारात उभी. गाव बघायला लोटला. मी भाकऱ्या थापत ऱ्हायले. धरणाच्या पाण्यानं पलीकडची गावं लांब केली व्हती. सडकेनं जायचं तर आर्धा दिस मोडायचा, तात्या घटकेत पोचवायचे. नवऱ्या, बाळंतिणी, शेळ्या, केळीचे घड, समदं तिच्या पोटातनं गेलं. मी न्हाय गेले. एकदाबी न्हाय. माझं माहेर जळोचीचं, ते हिकडच्या अंगाला. पलीकडं माझं कोण बसलं व्हतं?

मंग फायबरच्या होड्या आल्या, घरोघर मोटारसायकली झाल्या. शेवटी शेवटी तात्यांच्या लाँचीत दोन म्हाताऱ्या आन् एक शेळी बसायची. लाँच बंद झाली.

आपल्यात म्हातारा बैल इकत न्हाईत. ज्यानं जलमभर वढलं त्याला दावणीला बसवून चारा घालायचा, मरंल तवा रानात पुरायचा. रीत चांगली हाय. तात्यांनी ती लाकडाला लावली, हितं चुकलं. ट्रॅक्टर लावून लाँच काठावर वढली, चार मेढी रवल्या, आन् आमच्या पडवीचे पत्रे काढून तिच्यावर घातले. तिला ऊन नगं, पाऊस नगं. आमाला चालंल. बेंदराला बैलाच्या शिंगाला लावतात ते तांबडं हुरमुंज तिच्या नाकाला फासलं, म्होरं पुरणपोळीचा निवद ठेवला.

"आवं, खाती का ती?" मी इचारलं.

"तुझ्यापरीस कमी खाती," तात्या म्हणले. त्या सालातलं तेवढंच बोलणं.

बैशाखात लाँच फाटली. सावलीत, कुणी हात न लावता. फळीफळीत बोटभर फट पडली, आन् सकाळचं ऊन तिच्या पोटातनं आरपार जाया लागलं, जसं म्हातारीच्या दातांतनं हसू जातं. कोकणातला सुतार बोलावला तर तो कपाळाला हात लावून म्हणला, "तात्या, होडी म्हणजे काय बैल आहे? लाकूड तहानलं हो. ही पाण्यात मरत नाही, सावलीत मरते." परत पाण्यात घालावी तर फटींनी बुडणार. काठावर ठेवावी तर रोज भिजवायची. आन् रोज भिजवली तर गोडं पाणी लाकूड कुजवणार. वाळली तर फाटती, भिजली तर सडती. आशी इस्तू कशी जपायची आसती ते कुणाला ठाऊक आसंल तर आसंल, आमाला न्हाय ठाऊक. तात्यांनी भिजवायची ठरवलं. म्हंजी मी भिजवायची.

उन्हाळ्यात पाणी मागं मागं सरतं, काठ लांब पडतो, भेगाळलेला गाळ तुडवत जायचं. लोक प्यायच्या घागरी आणायचे, मी लाँचीच्या. बाया इचारायच्या, "काकी, किती माणसं तुमच्या घरात?" मी म्हणायची, "दोन आन् एक पिसाट." फटीत सुताच्या वाती तेलात बुडवून ठोकायच्या आसतात. वातीला मऊ कापड पायजे म्हणून तात्यांनी माझ्या आयचं लुगडं पेटीतनं काढलं आन् फाडलं. फाडताना आवाज आला तसा आवाज मी पुन्यांदा आयकला न्हाय, आन् आयकायचाबी न्हाय. त्या रातीचं कालवण मुद्दाम खारट केलं. तात्यांनी ताट पुसून खाल्लं.

थंडीत पुण्यामुंबईची माणसं रोहित पक्षी बघाया येतात. गळ्यात मोठाले कॅमेरे. लाँच दिसली की ह्यांचा जीव हरखतो. "आजी, किती सुंदर! जपा हो, असं काही राहिलं नाही आता." मी म्हणायची, "घिऊन जा की मंग." तर हसायचे, फोटो काढायचे, माझा घागरीसकट काढायचे, आन् गाडीत बसायचे. जपा म्हणायला जिभेला काय वजन लागतंय?

मागल्या उन्हाळ्यात मी घसरले. घागर लाँचीवर आदळली, मी खाली. तात्या पळत आले. आधी त्यांनी फळीवरनं हात फिरवला, कुठं टवका उडाला का बघितलं, आन् मंग मला उठवलं. माझा खुबा मोडला व्हता. ती चाल आता गेली ती गेलीच. पोरगा कामाला भाईरगावी, मी खाटंवर, तवा सुरेखा घागरी वाहाया लागली, पोटुशी आसताना. आन् एका सांजला तात्या खाटंपाशी आले, उभ्याउभ्याच म्हणले, "माझ्या माघारी तिला पाणी चुकवू नगंस."

म्हंजी मरणाच्या पल्याडबी घागर. माझ्या नशिबातनं सुनेच्या, सुनेच्या नशिबातनं नातसुनेच्या. तवा मी सुरेखाला म्हणले, रफिकभाईला फोन लाव. आन् तात्यांना तोंडावर सांगितलं, आता तिला पाणी कुणी घालायचं न्हाय.

आता त्या सकाळचं.

रफिकभाई भला माणूस. त्यानं लाँचीभवती फेरी मारली, फळ्या वाजवल्या. म्हणला, "इंजन, लोखंड मी नेतो. लाकूड गुऱ्हाळावर जाईल, चुलवाणात जळायला. दुसरं त्याचं काही व्हायचं नाही तात्या, आतनं भुसा झालाय." तात्या मेढीला टेकून उभे. ऊन कवळं, त्यांच्या दाढीच्या पांढऱ्या खुंटांवर पडलेलं. पाण्यावरनं पक्ष्यांचा गलका येत व्हता. मंग रफिकभाई आत चढला, एका बाकावर बसला, आन् एकदम ल्हान झाल्यासारखा हसला.

"मावशी, मी मामूकडे जायचो पलीकडं, हिच्यातनं. पाण्याला लई भ्यायचो. तात्या मधोमध इंजन बंद करायचे आन् म्हणायचे, भिऊ नगंस लेका, पाण्यात काय न्हाय. वाघीण माझ्या घरी हाय, म्हणून तर मी हितं पाण्यात ऱ्हातो! समदी लाँच हसायची. रोज तुमचं नवीन काढायचे. तुमची भाकर, तुमचं खारट कालवण, तुमचा राग. आमी लाँचीत बसणारी माणसं तुमाला न बघता वळखायचो."

मी तात्यांकडं बघितलं. त्यांनी मान वळवली.

"आवं, खरं हाय का हे?"

"माणसं भ्यायची," तात्या म्हणले. "काय तरी बोलायला लागतं."

काय तरी बोलायला लागतं. ते बोलणं इतकी वर्सं पलीकडच्या काठावर उतरत व्हतं, आन् हिकडं रिकामा माणूस यायचा. माझ्या काळजात काय झालं ते मी सांगणार न्हाय. सुरेखानं पोटावर हात ठेवून खाली बघितलं. तात्या मंग माझ्याकडं वळले. सबंध तोंड समोर. जलमात पैल्यांदा इचारलं, "तुझं काय म्हणणं हाय? तू ठेव म्हणलीस तर ठेवतो."

मी म्हणले, "द्या."

रागानं म्हणले का शाणपणानं, ते मला आजूनबी सांगता येत न्हाय. दोन दिस मोडत व्हते. खिळा निघताना लाकूड कण्हायचं. तात्या पाठ करून बसले व्हते, आन् खिळा कण्हला की त्या पाठीवर सदरा हालायचा, एवढंच. म्होरल्या सुगीत तात्या गेले. घरात बाळ रडतंय, सुरेखा मोकळी हाय, पडवीला परत पत्रे आलेत. मी चुकले न्हाय. पर माणूस मेला म्हंजी आर्धाच मरतो. घरातला मरतो, आन् परक्यांच्या तोंडातला त्यांच्यासंगं म्हातारा हुत ऱ्हातो, ती तोंडं मिटत्यात तोवर.

म्हणून हे वाचणाऱ्याला सांगणं हाय. तुमच्यातलं कुणी, न्हायतर तुमच्या आयबापातलं कुणी, तात्यांच्या लाँचीत बसलं आसंल, तर ते माझ्याबद्दल काय काय म्हणायचे ते येऊन सांगा. वंगाळ आसलं तरी सांगा. काठावरचं शेवटचं घर माझं.