जुळलं म्हणजे खरं?

मोबाइलच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. निळ्या पडद्याआडून दुकानदाराची सल्ले देणारी पेटी बोलायची आणि माणसं तोंडात बोटं घालायची.

"साखरेला मुंग्या लागल्यात, काय करू?" एकीने विचारलं.

"डब्याखाली पाण्याची ताटली ठेव, मुली."

"अगं बाई! माझी सासूसुद्धा हेच सांगते!"

दुकानदाराने हात उंचावले. "यंत्र नव्हे, साक्षात सर्वज्ञ! कुणाच्या घरात पाऊल टाकलं नाही, तरी घराघरातलं जाणतो. शंका घेणाऱ्याची वाचा जाते!"

"मग तुझी कशी शाबूत राहिली?" लेकासोबत आलेल्या थोरल्याबाई कडाडल्या.

लेकाच्या खांद्यावर नातू निखाऱ्यासारखा तापला होता. सकाळी पेटीने पांघरुणात गुंडाळायला सांगितलं, लेकाने गुंडाळलं. आता पोर हाकेला डोळे उघडेना, आणि हा शहाणा पुन्हा पेटीच्याच दारात!

"अरे, डॉक्टरकडे चल!"

"आई, तुला काय कळतं? सगळ्यांना बरोबर सांगतोय तो."

पेटी बोलली, "आणखी एक जाड पांघरूण घाला. घामाबरोबर ताप जाईल."

निरोप मिळताच शिवणकारखान्यातून धावत आलेली सून दारातच थबकली. "आई, हे तर आमचंच उत्तर! फोनवरच्या खेळातलं, शब्दन्‌शब्द!"

"कसला खेळ?"

"जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी खेळतो. दोन अनोळखी माणसांना एकच प्रश्न येतो. उत्तरं जुळली की गुण. म्हणून खरं काय ते कोण बघतंय? समोरचा काय म्हणेल ते लिहायचं. मुंग्यांचंही आम्हीच लिहिलंय. त्याच उत्तरांवर यंत्रांना शिकवतात, खेळातच लिहिलेलं असतं!"

थोरल्याबाईंनी पडदा ओढला. मागे एक संगणक आणि धुळकट स्पीकर.

"मी... तयार प्रोग्रॅम आणला," दुकानदार पुटपुटला. "पडदा तेवढा माझा."

"आमचंच ऐकीव आम्हालाच विकतोस, मेल्या!" त्यांनी पांघरुणं फेकली, पोर उचललं आणि दवाखान्याकडे धावल्या.

डॉक्टरीणबाईंनी पोर हातात घेतलं. "केवढा उशीर!" एवढंच म्हणाल्या आणि दार लावलं. लेक भिंतीला टेकून मटकन बसला. मागोमाग आलेली गर्दी दाराशी थांबली.

"यंत्राला शिव्या देऊ नका," थोरल्याबाई म्हणाल्या. "त्याला आपणच पढवलं. मुंग्यांचं सांगेल, करून बघा, फसलं तर साखर जाईल. पण शंभर तोंडं जुळली म्हणून ताप उतरत नाही रे! कोण सांगतंय, कशावरून सांगतंय, एवढं तरी विचारा. पडदा दिसला की आधी तो ओढा, मग हात जोडा."

थोरल्याबाईंनी दाराला कान लावला. आत पोर अजून रडलं नव्हतं.