खोक्यावरचा आल्तो

हमरस्त्यावर फडफडणारा पांढरा रुमाल.

पलंगाखाली डाव्या पायाचा बूट. नवाकोरा.

काळा अष्टकोन, आत पांढरी अक्षरं: आल्तो. स्पॅनिशमध्ये म्हणजे जास्त. आणि आल्तो म्हणजे थांब, हेही चिलीतल्या ला लिग्वा गावच्या पोरासोरांना ठाऊक.

हमरस्त्याच्या कडेला मिठाई विकणारी एदेलमीरा नखाने चिठ्ठी खरवडत होती. मिठाईच्या नव्या खोक्यांवर कायद्याने दोन काळे शिक्के आले होते, साखर जास्त, उष्मांक जास्त. आणि मालक फेर्मीनने नेमकी त्यांच्यावरच किमतीची चिठ्ठी डकवली होती.

"काय करतेस बाई?" शेजारी तसाच रुमाल घेऊन उभी असलेली नोल्फा म्हणाली. "मालक रुमाल काढून घेईल हातातला."

"घेऊ दे."

पांढरा झगा सारखा करून तिने गाड्या थांबवायला रुमाल उंचावला. एक गाडी थांबली. नवरा-बायको होते.

"तीन खोके द्या. अहो, हे काळं काय?"

"साखर जास्त आहे, असं लिहिलंय."

"मग विकता कशाला?"

"गोड खाऊ नका कोण म्हणतंय? घरी न्या, सगळ्यांत वाटा. गाडीतच अख्खा खोका फस्त करू नका."

बायको नवऱ्याच्या पोटाकडे बघून हसली. त्यांनी एकच खोका नेला.

दिवसभर असंच चाललं. संध्याकाळी फेर्मीन टेम्पो घेऊन आला. उरलेला ढीग बघून त्याचं डोकंच फिरलं.

"शाबास! तुझा रुमाल गाड्या थांबवतो, आणि तुझा खोका गिऱ्हाईक थांबवतो!"

"दोघंही आल्तोच म्हणतात, मालक. मी काय करू?"

"चिठ्ठ्या लाव. नाहीतर उद्या इथे दुसरी उभी राहील."

"चिठ्ठी मागच्या बाजूला लावते. शिक्क्यावर नाही."

"मग आण तो रुमाल इकडे."

नोल्फाने मान खाली घातली. एदेलमीराने रुमालाची नीट चौघडी केली आणि स्वतःच्या खिशात घातली.

"झगा तुमचा, हा घ्या. रुमाल माझ्या घरचा आहे. आणि रस्ता कुणाच्याच बापाचा नाही. उद्या सकाळी इथेच उभी राहीन. मिठाई घरी करता येते मला."

"तुझ्या मिठाईत काय साखर कमी असणार?"

"नाही. पण शिक्का दिसेल."

साखरेच्या आजाराने तिच्या नवऱ्याचा, एलिएसेरचा, डावा पाय कापावा लागला, त्या आठवड्यात त्याच्या उशाशी फेर्मीनच्याच मिठाईचा खोका होता. त्यावर काहीच छापलेलं नव्हतं.