दोन खोऱ्यांतला पलंग

ती पाणीखात्यात नकाशे करायची, म्हणून सगळे तिला नकाशाताई म्हणत. पडलेला पाऊस, वाहून गेलेलं पाणी, मुरलेलं, वाफ झालेलं आणि माणसांनी वापरलेलं, हे सगळं संगणकातल्या नकाशावर थराथरांनी मांडून पाण्याचा ताळेबंद जुळवायचा, हे तिचं काम. शहरात दोन नद्यांची खोरी होती आणि त्यांचे साहेबही दोन. पाण्याचा उतार जिथे दोन्हीकडे फुटतो, ती रेघ म्हणजे हद्द.

जमिनीच्या उंचीची नवी, बारीक मोजणी आली आणि रेघ सरकली. नकाशाताईने ती मोठी करून पाहिली, मग आणखी मोठी केली. रेघ तिच्याच घरातून जात होती! स्वयंपाकघर पूर्व खोऱ्यात, बाथरूम पश्चिम खोऱ्यात, आणि पलंग बरोबर निम्मानिम्मा.

नवरा चष्म्याच्या दुकानातून आला. त्याने नकाशा जवळून पाहिला, लांबून पाहिला.

"म्हणजे मी पश्चिमेचा?"

"झोपलात की."

हसण्यावारी गेलं असतं. पण पूर्वेचा हिशेब जुळेना. पूर्वेच्या साहेबांनी तिला बोलावलं.

"ताई, आमच्याकडचं पाणी पश्चिमेत झिरपतंय. तुमच्या घरातून."

"साहेब, घरात माणसं तीन. पिऊन पिऊन किती पिणार?"

"थेंब असला तरी पाणीच ना? परवानगीशिवाय एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्यात नेता येत नाही. हे तुम्हीच लोकांना समजावता."

समजावत होती खरी. आणि ती पडली सरळ मार्गाची. घरी जाऊन तिने रेघेवर लाल पट्टी चिकटवली आणि नियम सांगितला.

सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "पाणी इकडे प्यायचं आणि जायचं तिकडे, हाच गुन्हा ना? मग काय तोंडाला कुलूप लावू?"

नवऱ्याने एक जादा शेगडी बाथरूममध्ये नेली आणि तिथेच चहा उकळू लागला. सासूबाईंनी मात्र हद्द मानली नाही. पेला घेऊन त्या मुद्दाम पट्टीवर उभ्या राहून पाणी पीत. रविवारी दुपारी नवऱ्याच्या हातून पलंगावर पाणी सांडलं, तर नकाशाताई धावली ती फडकं घेऊन नाही, मोजपट्टी घेऊन. कोणाच्या बाजूला किती, ते मोजायला.

"अगं, आधी माणसाला कोरडं कर!" तो ओरडला आणि दुकानात जाऊन बसला. तिला रडू आलं. पण रडायचं कुठल्या बाजूला, हे ठरेना, म्हणून तिने ते गिळलं.

शेवटी पूर्वेचे साहेब स्वतः पाहणीला आले. सासूबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात बसवून चहा पाजला. वर आग्रहाने आणखी एक कप. थोड्या वेळाने साहेब खुर्चीत चुळबुळू लागले.

"बाथरूम कुठे आहे?"

"पश्चिमेत," सासूबाई पट्टीवर उभ्या राहून म्हणाल्या. "चहा पूर्वेचा आहे. परवानगी?"

"मीच देतो की!"

"तुम्ही पूर्वेचे. पश्चिमेच्या साहेबांना विचारा."

साहेबांनी फोन लावला. पश्चिमेचे साहेब जेवायला गेले होते. पूर्वेच्या साहेबांच्या कपाळावर घाम फुटला.

"ताई! हे घरच वेगळं खोरं करून टाका!"

"साहेब, मग ते बंद खोरं होईल. त्यातून पाणी बाहेर जाऊ देता येत नाही."

"करा म्हटलं ना!" म्हणत साहेब पट्टी ओलांडून धावत सुटले.

तिने घराभोवती रेघ ओढली. गंमत म्हणजे दोन्ही नद्यांचा ताळेबंद त्याच दुपारी चोख जुळला. लाल पट्टी निघाली. नवरा घरी आला, तेव्हा ती पलंगाच्या मधोमध बसली होती. "सरक," तो म्हणाला, आणि दोघं हसत सुटली.

पण खोरं म्हटलं की साहेब हवा. नेमणूक सासूबाईंची झाली, बिनपगारी. पहिल्याच बैठकीत दोन्ही नद्यांच्या साहेबांनी अदबीने विचारलं, "बाई, तुमच्याकडे यंदा पाऊस कसा?"

"घरात?" सासूबाई म्हणाल्या. "देवदयेने एक थेंब नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खोऱ्यात दुष्काळ जाहीर झाला. दुसऱ्या सकाळी दारात टँकर उभा. नवरा खिडकीतून बघत राहिला, मग आलेल्याला नाही कशाला म्हणायचं, म्हणून बादली घेऊन खाली उतरला.