गोजरबाईची धडधड

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. मनुष्याच्या डोक्यावरचा भार हलका व्हावा, यासाठी माझा जन्म झाला. निदान नगरच्या दुकानात मला विकणारा तसे म्हणत होता. प्रत्यक्षात डोक्यावरचा भार म्हणजे मीच. लिहायची पाटी नव्हे. खडी वाहायची, लोखंडी, दोन कानांची.

बहात्तरच्या दुष्काळात मला श्रीगोंद्याच्या बाजूला रस्त्याच्या कामावर आणून टाकले. माझ्या वाट्याला गोजरबाई आली. घरी सासू आणि पोरे. कामावर खायला मिळणारी सुकडी ती पदरात बांधून नेई, त्यावर ते घर चाले.

मुकादम आप्पासाहेब हजेरी घेऊ लागला, की तिची छाती धडधडे, बोटांना मुंग्या येत, श्वास गळ्याशीच अडके. एके दिवशी ती मटकन खाली बसली आणि थरथरू लागली. बायकांनी निदान तत्काळ केले. अंगात देवी आली!

त्यांच्यातल्या लंकाबाईने तिला कपाळभर कुंकू लावून विचारले, "आई, पाऊस कधी पडंल?"

"पडंल तवा पडंल. मला वाईच बसू द्या."

हा कौल सर्वांना फार खोल वाटला.

पंचाईत दुसऱ्या दिवशी झाली. देवीच्या डोक्यावर खडी द्यायला कुणी धजेना. आप्पासाहेब म्हणाला, "देवीची हजेरी मी कशी मांडू? पुन्यांदा अंगात आलं तर घरीच बस बाई. आमी तिथं येऊन नारळ फोडू."

नारळावर घर चालत नाही. तेव्हापासून गोजरबाईला धास्ती बसली ती धास्ती वाटण्याचीच.

तिसऱ्या सकाळी माझा कान तिच्या हातात पुन्हा थरथरू लागला. लंकाबाई कुंकू घेऊन धावली. पण मला भरून तिच्या डोक्यावर चढवणारी बायडाबाई आडवी आली. तिने मला उपडी घातली आणि गोजरबाईला माझ्यावर बसवले.

"पाय टेक. काय लागतंय?"

"खडी. तापल्याली."

"लागू दे. आता फुंक. बशीतल्या च्याला फुंकतीस तशी. सावकाश, सांडू नगं."

"च्या कुठाय?"

"दुस्काळात च्या कसला, भवाने! नुसती फुंक."

गोजरबाई फुंकत राहिली. हळूहळू तिचे खांदे उतरले, आणि तिचे सगळे वजन माझ्यावर आले.

"तुला कसं ठावं गं हे?"

"मला बी हुतंय. समद्यांस्नी हुतंय. बोलत न्हाई कुनी."

धडधड गेली नाही. चालण्याइतकी कमी झाली. गोजरबाई उठली, मला भरून घेतले आणि चालू लागली. हजेरी लागली. लंकाबाई दिवसभर हिरमुसलेली होती.

पुढे इंजिनियर साहेब तपासणीला यायचे असले, की आप्पासाहेबही मला उपडी घालून बसे आणि फुंके. त्याच्या अंगात देवी आली, असे कुणी म्हटले नाही.

मित्रांनो, कुणाची छाती धडधडली तर लगेच कुंकू शोधू नका. आधी बसायला द्या. पाय टेकू द्या. पाऊस नंतर विचारा. हे मी कितीदा सांगितले, दमले आता. पाटीचे कोण ऐकतो?

पाऊस पडला तेव्हा पडला. काम संपले. गोजरबाईने मला घरी आणले, कारण मी कुणालाच नको होते. माझ्या बुडाला भोक पडले आहे. बसायला चालते.