खाली शिंगांचा चंद्र

करामानं खजुराची बी बाजूला टाकली, कपाळाला तळहात लावला आणि पश्चिमेच्या कड्यावर नजर रोखली. सूर्य बुडून पेलाभर चहा पिण्याइतका वेळ झाला होता. रमजानचा एकोणतिसावा दिवस. चंद्र दिसला तर उद्या ईद, नाहीतर आणखी एक रोजा.

खाली दरीत मातीच्या उंच घरांच्या गच्च्या बायकापोरांनी भरल्या होत्या. टेकडीवर वीसेक पुरुष होते आणि चंद्र दिसताच बार काढायला बंदूक ठासून तयार असलेला मुबारक. सुलतानाच्या राजधानीचा निरोप हद्रमौतच्या दरीच्या या टोकाला पोचायला दोन दिवस लागत, म्हणून गावाचा चंद्र गावच बघायचं. साक्ष दोघांची लागायची. गेली तीस वर्षं त्यातली एक करामाची असे.

"तो बघा," फरज म्हणाला. "कड्यातल्या खाचेच्या वर. दिसला."

गर्दी हलली. मुबारकनं बंदूक खांद्याला लावली.

"थांब," काझी म्हणाला. तो या वर्षीच आला होता, दाढीही अजून धड भरली नव्हती. "फरज, शिंगं कुठे आहेत?"

"कुठे म्हणजे?"

"चंद्राची दोन टोकं. वर आहेत की खाली?"

"जुन्या काझींनी असले प्रश्न कधी विचारले नाहीत," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"ते तुम्हाला लहानपणापासून ओळखत होते. मी ओळखत नाही. शिंगं कुठे?"

"वर," फरज म्हणाला. "कुठे असणार?"

"करामाकाका, आता तुम्ही."

करामाला ते दिसत होतं. खाचेच्या वर एक बारीक, पांढरी, वाकलेली रेघ. पण तिची टोकं भुवईसारखी खाली वळली होती. गेल्या वर्षीही त्यानं नेमकं हेच पाहिलं होतं. तेव्हा कुणी शिंगं विचारली नाहीत. "करामा म्हणतोय ना," एवढ्यावर ईद झाली. त्यानं दाखवलेली रेघ पाहून दुसऱ्या साक्षीदारानंही मान डोलावली. पण ती खाली वळलेली टोकं वर्षभर त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. शेळ्यांचं दूध काढताना, विहिरीवर, नमाजात उभं राहिल्यावरसुद्धा तोच विचार. कुणाला विचारावं तर आपल्याच साक्षीला आपणच सुरुंग लावल्यासारखं.

"काका?"

एक शब्द बोलायचा होता. वर म्हटलं की बंदूक उडणार, गच्च्यांवरून आरोळ्या येणार, आणि त्याचं नाव होतं तसं राहणार. मुबारकचं बोट घोड्यावर होतं. एडनच्या शाळेत शिकवणारा करामाचा मुलगा सालमीन दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तो मुद्दामच बापाकडे बघत नव्हता.

"खाली," करामा म्हणाला.

फरजनं झटकन मान वळवली. "म्हातारपणी डोळे गेले वाटतं?"

करामानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "सालमीन, शिंगं खाली असलेला चंद्र असतो का रे?"

"बाबा, हे घरी बोलू."

"इथेच सांग."

सालमीननं ओठ ओले केले. "नसतो. चंद्राला स्वतःचा उजेड नाही. सूर्य ज्या अंगाला, तेच अंग उजळतं. आत्ता सूर्य खाली बुडालाय, म्हणून उजळ कड खाली आणि शिंगं वर. आजच्या चंद्राची शिंगं उलटी होऊच शकत नाहीत."

"म्हणजे तो एक गोळा, सूर्य एक गोळा. आणि आपण?"

"आपण तिसऱ्या गोळ्यावर. कडेला उभं राहून त्या दोघांकडे बघतोय."

करामानं पायाखालच्या खडकाकडे पाहिलं आणि पाय जरा फाकवून घेतले. तीस वर्षं तो इथे उभा राहत आला होता. आपण कशावर उभे आहोत हे त्याला आज कळत होतं. लाज वाटत होती आणि आनंदही होत होता. दोन्ही एकदम कसं होतं, याचंच त्याला नवल वाटलं.

"काझीसाहेब," तो म्हणाला, "गेल्या वर्षीची शिंगंही खालीच होती."

मुबारकनं बंदूक हळूच खाली घेतली.

"ठाऊक असून साक्ष दिली होती?" काझीनं विचारलं.

"ठाऊक नव्हतं. शंका होती. विचारलं नाही, हा माझा गुन्हा."

"उद्या रोजा," काझी म्हणाला. "आणि गेल्या वर्षीचा बुडालेला एक रोजा, ईदेनंतर सगळ्या गावानं ठेवायचा."

माणसं टेकडी उतरू लागली. जाता जाता मुबारक म्हणाला, "तीस वर्षांचं नाव, करामाकाका, एका शब्दात घालवलंत." खालच्या गच्च्यांवर दिवे लागत होते. आता घरोघरी आपलंच नाव निघणार, हे करामाला कळत होतं.

"मग ते काय आहे?" त्यानं मुलाला विचारलं. रेघ अजून तिथेच होती, जरा तांबूस झालेली. "दोन वर्षं त्याच जागी?"

"माहीत नाही, बाबा."

"तुझ्या पुस्तकात नाही?"

"माझ्या तरी नाही."

करामा खडकावर बसला आणि त्यानं हात पुन्हा कपाळाला लावला. सालमीनही शेजारी टेकला. मागे पावलं वाजली. सगळ्यांबरोबर खाली गेलेला फरज परत आला होता. तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काय, अजून शिव्या द्यायच्या राहिल्यात?" करामा म्हणाला.

"नाही." फरज त्याच्या पलीकडे, जरा अंतर राखून बसला. "मला मघाशी काहीच दिसलं नव्हतं. पोरं ईदेसाठी रडत होती." "कुठंय ते? मला दाखव."